विमा संपलेली इमारत

विमा आहे तोवर गाडीला काही म्हणता काही होत नाही, ही सावधानरावांची जुनी तक्रार होती. वर्षानुवर्षं त्यांचा हप्ता खात्यातून जात होता आणि वर्षानुवर्षं गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. हप्ता गेला की ते बाल्कनीत येऊन खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत. शिकवणीची फी भरूनही वर्गाला दांडी मारणाऱ्या पोराकडे बाप बघतो, तसं त्यांचं तोंड होई. "निदान एकदा तरी कुठे घासली असती," असं ते बायकोला म्हणालेही होते. "काहीतरीच बोलू नका," असं बायको म्हणाली होती. पण दैवाला अशी वाक्यं बरोबर ऐकू जातात. एरवी आपण घसा फोडून ओरडलो तरी त्याचं लक्ष नसतं.

सावधानराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव टपालपेटीवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. इमारतीच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये त्यांचा प्रत्येक संदेश 'सावधान!' असा सुरू होई, म्हणून हे नाव पडलं. आणि त्यांना ते मनापासून आवडलं, कारण त्यात टिंगल आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नोकरी एका कार्यालयात, आवक-जावक विभागात. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. इतक्या वर्षांत तिथे 'तुमचं काय मत आहे?' असं त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. चहा हवा का, एवढं विचारत.

इमारतीत मात्र गोष्ट वेगळी होती. फोनवरून लोकांना गंडवण्याचे प्रकार वाढले, सावधानरावांनी त्याबद्दलच्या सगळ्या बातम्या कापून कापून जमवल्या, आणि बघता बघता ते या विषयातले अधिकारी पुरुष झाले. अनोळखी नंबर दिसला की तळमजल्यावरच्या काकू वाजता फोन तसाच हातात घेऊन, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर येत. "बघा हो, खरा की खोटा?" सावधानराव चष्मा चढवत, नंबर निरखत आणि "खोटा" म्हणत. आजवर एकाही नंबराला त्यांनी खरा म्हटलं नव्हतं. या विचारण्यावरच ते जगत होते म्हटलं तरी चालेल. पगार कार्यालयातून मिळायचा आणि मान इमारतीतून.

तर या अधिकारी पुरुषांनी एक दिवस बँकेला दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द केल्या. आपल्याला न विचारता आपल्या खात्यातून परस्पर पैसे जातात म्हणजे काय? हे तत्त्व त्यांनी ग्रुपवर मांडलं आणि इमारतीने ते उचलून धरलं. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी परवानग्या रद्द केल्या, चौथ्या मजल्यावरच्या चेअरमननी केल्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या नर्सने तर ड्यूटीवरून आल्या आल्या, चपला काढायच्या आत केल्या. त्यातच गाडीच्या विम्याच्या हप्त्याची परवानगीही गेली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चेअरमनच्या ओळखीतल्या एजंटाने सवलत देतो म्हणून सगळ्यांच्या गाड्यांचा विमा एकाच कंपनीत, एकाच सुमाराला उतरवला होता. तेव्हा मुदतही सगळ्यांची बरोबरीनेच संपणार होती. हप्ता जमा झाला नाही असं बँकेने कळवलंही होतं. पण बँकेच्या नावाने आलेलं काहीही वाचायचं नाही, हा नियम सावधानरावांचाच.

मग तो फोन आला. सुटीची सकाळ होती. सावधानराव आवारात गाडी पुसत होते आणि काकू, डॉक्टर, नर्स अशी मंडळी आसपास होती. एवढा प्रेक्षकवर्ग आयता मिळाल्यावर सावधानरावांनी फोन स्पीकरवर टाकला नसता तरच नवल.

"सर, आपल्या गाडीच्या विम्याचा हप्ता जमा झालेला नाही," एक मुलगी पाठ केलेल्या गोड आवाजात म्हणाली. "मुदत संपायच्या आत भरून घ्याल का?"

"आधी माझं नाव सांगा."

तिने सांगितलं.

"गाडीचा नंबर?"

तोही सांगितला, आणि बरोबर सांगितला.

"बघा!" सावधानराव प्रेक्षकांकडे वळले. "सगळी माहिती चोरलेली आहे!"

चुकीचं सांगितलं तर खोटी, बरोबर सांगितलं तर चोर. या परीक्षेत कोण पास होणार? तरी ती बिचारी म्हणाली, "सर, फोनवर नको वाटत असेल तर आमच्या कार्यालयात येऊन भरलंत तरी चालेल."

"म्हणजे कार्यालयसुद्धा थाटलंय! अहो बाई, तुम्ही हे असले धंदे करता ते तुमच्या आईवडिलांना ठाऊक आहे का?"

मग "धन्यवाद सर, आपला दिवस चांगला जावो," असं म्हणून तिने फोन ठेवला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

"अहो," वरून बाल्कनीतून बायको म्हणाली, "कपाटातला कागद काढून एकदा तारीख तरी बघा."

"त्यांना नेमकं हेच हवं असतं," सावधानराव खालून म्हणाले. "आपण घाबरून कागद काढतो आणि तिथेच फसतो."

कागद काढल्याने माणूस कसा फसतो, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी ग्रुपवर संदेश गेला: 'सावधान! हा नंबर सर्वांनी ताबडतोब बंद करावा. यापुढे विम्याबद्दल माझ्या नावाने संदेश आला किंवा माझ्या आवाजात फोन आला, तरीही विश्वास ठेवू नये. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात.' सगळ्या इमारतीने त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. सावधानरावांना त्या रात्री फार छान झोप लागली.

पुढे काही आठवडे बरे गेले. मग कार्यालयातल्या पार्किंगचा पास बदलायची वेळ आली. पास देणाऱ्या कारकुनाने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "विमा संपलाय तुमचा."

"शक्यच नाही."

"मागच्या महिन्यातच संपलाय. ही काय तारीख." त्याने कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "विमा नाही तर पास नाही."

त्या गोड आवाजाची मुलगी, तिचे आईवडील, काकूंच्या टाळ्या, सगळं एकदम सावधानरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. आज गाडी इथेच ठेवावी आणि बसने घरी जावं, असं त्यांनी ठरवलं. पण फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "पास नसलेली गाडी आत ठेवता येत नाही."

"अहो, विमा नाही म्हणून तुम्ही पास देत नाही, पास नाही म्हणून गाडी ठेवू देत नाही, आणि विमा नाही म्हणून मला ती चालवता येत नाही. मग मी तिला डोक्यावर घेऊन जाऊ का?"

"ते तुमचं तुम्ही बघा," पहारेकरी शांतपणे म्हणाला. "फाटकाबाहेर काढा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी सावधानरावांनी जशी गाडी चालवली तशी जगात कुणी चालवली नसेल. रस्त्यावरचं प्रत्येक वाहन आपल्यावरच नेम धरून येतंय असं त्यांना वाटत होतं. ते इतक्या हळू चालले होते की मागे रांग लागली आणि लोक भोंगे बडवायला लागले. एक सायकलवाले गृहस्थ खिडकीशी येऊन, "बरं वाटत नाहीये का? गाडी कडेला घेता का?" असं आपुलकीने विचारून पुढे निघून गेले. सिग्नल हिरवा झाला तरी सावधानराव आधी दोन्हीकडे बघत, आणि तेवढ्यात तो लाल होई. घामाने सदरा पाठीला चिकटला. पण अखेर इमारतीचं फाटक दिसलं, गाडी आवारात शिरली, आणि सावधानरावांचा जीव भांड्यात पडला.

नेमकं तिथेच माशी शिंकली. दातांचे डॉक्टर आपली गाडी उलटी बाहेर काढत होते. तेही विलक्षण जपून, मुंगीच्या पावलाने. डॉक्टर उजव्या आरशात बघत होते आणि सावधानराव डाव्या. दोघेही सगळीकडे बघत होते, फक्त एकमेकांकडे नाही. खिडकीतून काकूंना पुढचं सगळं दिसलं. "अहो, थांबा!" असं त्या ओरडल्या, मग नीट दिसावं म्हणून आत जाऊन चष्मा घेऊन आल्या, परत "थांबा!" असं ओरडल्या, तरी टक्कर व्हायची होतीच. मग ती झाली. सावधानरावांच्या गाडीचा दिवा फुटला आणि बंपर लोंबायला लागला. डॉक्टरांच्या नव्याकोऱ्या गाडीचं मागचं झाकण असं आत गेलं की परत लागेना.

आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून काकू खिडकीत कोपर टेकून उभ्या राहिल्या. पण झालं भलतंच.

"माझीच चूक," सावधानराव उतरता उतरता म्हणाले.

"छे छे, माझी," डॉक्टर म्हणाले. "मी बघायला हवं होतं."

"तुमची कसली? मीच आंधळ्यासारखा आलो."

"असू द्या हो. शेजाऱ्यांत कसलं आलंय तुमचं नि माझं! हवं तर तुमची ती किडलेली दाढ मी फुकट भरून देतो."

"अहो, पण दोघांचाही विमा आहे ना?" काकू खिडकीतून म्हणाल्या. "मग एवढं गोड कशाला बोलताय? कंपनीला कळवा नि मोकळे व्हा."

"कंपनीला कशाला उगीच त्रास?" डॉक्टर म्हणाले. "अगदी बरोबर," सावधानराव म्हणाले. विमा कंपनीबद्दल इतका जिव्हाळा काकूंनी जन्मात पाहिला नव्हता.

टकरीचा आवाज वरपर्यंत गेला होताच. "किती नुकसान झालं हो?" बायकोने दारातच विचारलं. "किरकोळ," सावधानराव बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाले. "विमा कंपनी बघून घेईल." तोंडातून वाक्य गेलं आणि त्यांनाच कसंतरी झालं. या बाईशी ते सहसा खोटं बोलत नसत. पण एकदा बोललेलं परत गिळता येत नाही, म्हणून ते चहा प्यायले.

मग गच्चीवर जाऊन, टाकीच्या आड उभं राहून, त्यांनी बंद केलेला तो नंबर उघडला आणि फोन लावला. तोच गोड आवाज आला.

"मुदत उलटून गेली आहे ना सर, त्यामुळे आता आमचा माणूस येऊन गाडी तपासेल. गाडी धडधाकट हवी. काही मोडतोड आहे का?"

"आहे थोडी."

"मग आधी दुरुस्ती करून घ्या. मग तपासणी, आणि मग विमा."

"अहो, पण दुरुस्तीसाठीच तर विमा हवाय!"

"सर, विमा पुढच्या अपघाताचा असतो, झालेल्या अपघाताचा नसतो," ती अजिबात न चिडता म्हणाली.

सावधानरावांनी घसा साफ केला. "मागे एकदा मी तुम्हाला फोनवर जरा वाटेल ते बोललो होतो."

"कधी सर?"

"तुमच्या आईवडिलांचं काढलं होतं."

"रोज कुणी ना कुणी काढतंच सर," ती म्हणाली. "आणखी काही मदत हवी आहे का?"

"नको," म्हणून सावधानरावांनी फोन ठेवला. तिने शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं. पण तिच्या लेखी ते रोजच्या गर्दीतले एक होते, आणि हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेल्या. गॅरेजवाल्याने बंपर हलवून बघितला, झाकण दाबून बघितलं आणि विचारलं, "विम्यातून करायचं की रोख?"

"रोख," दोघे एकाच वेळी म्हणाले. मग दोघांनी सावकाश माना वळवून एकमेकांकडे बघितलं.

"तुमच्या इमारतीत भानगड काय आहे?" गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "परवा तुमच्या चेअरमनसाहेबांची गाडी रंगवून दिली, खांबाला घासली होती. तेही रोख. वर म्हणाले, कुणाला बोलू नको. विमाबिमा काढायचा नाही असं ठरवलंय का तुम्ही लोकांनी?"

डॉक्टर सावधानरावांचा दंड धरून त्यांना टायरांच्या ढिगाआड घेऊन गेले. "तुमचाही संपलाय?"

"संपलाय."

"मला परवा कळलं. बायकोला अजून सांगितलं नाहीये." डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो, पण तुमचा कसा संपला? मी तो नंबर तुमच्या सांगण्यावरून बंद केला! बँकेची परवानगी तुमच्या सांगण्यावरून काढली! मला वाटलं, या माणसाला सगळं माहीत आहे, याने स्वतःचं तरी बघितलं असेल!"

सावधानराव टायरांकडे बघत राहिले.

"मी कुठे बोलणार नाही," डॉक्टर जरा निवळून म्हणाले. "मलाही अब्रू आहे. चेअरमनही बोलणार नाहीत. पण ती दुसऱ्या मजल्यावरची नर्स? तीही तुमचंच ऐकते. तिला माहीत तरी आहे का? उजाडायच्या आत गाडी काढते ती. परत येते तेव्हा उभ्या उभ्या झोपलेली असते. उद्या कुणाला धडकली तर जन्मभर फेडत बसेल."

गप्प बसलं तर इमारतीतला मान शाबूत राहत होता. सावधानरावांनी घरी येईपर्यंत तसा विचारही केला. पण आवारात नर्सची ती छोटी गाडी उभी होती, मागच्या काचेत उन्हासाठी लावलेल्या टॉवेलसकट, आणि तिच्याकडे बघून त्यांना राहवेना. तरी त्यांनी त्यातल्या त्यात अब्रू वाचेल असा मार्ग काढला. ग्रुपवर नुसताच संदेश टाकला: 'सावधान! सर्वांनी आपापल्या गाडीचा विमा चालू आहे की नाही हे आजच तपासावे. कंपनीचा नंबर खरा आहे.' चूक कुणाची, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

पहिलं उत्तर काकूंचं आलं. 'सावधानरावांचा फोन कुणीतरी ताब्यात घेतला आहे. कुणीही उत्तर देऊ नका.' नर्सने लिहिलं, 'बरं झालं सांगितलंत काकू, मी फोन लावणारच होते.' आणि चेअरमननी, खबरदारी म्हणून, सावधानरावांना ग्रुपमधून काढून टाकलं.

सावधानरावांनी घाईघाईने काकूंना फोन लावला. "काकू, मी बोलतोय, तिसऱ्या मजल्यावरचा!"

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "आवाज अगदी हुबेहूब काढलाय हो मेल्याने." आणि फोन बंद झाला.

आपण शिकवलेलं लोकांनी इतकं नीट शिकावं, याचा सावधानरावांना आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. आता एकच उपाय उरला होता. ते पायात चपला सरकवून तळमजल्यावर गेले आणि काकूंच्या दाराची बेल वाजवली. साखळी लावलेल्या फटीतून काकूंनी त्यांना आधी हात लावून बघितलं. खरेच आहेत अशी खात्री झाल्यावर दार उघडलं, आणि सावधानरावांनी सगळं सांगितलं. परवानग्या, नंबर, कारकून, सगळं. काकूंकडे गाडी नव्हती, म्हणून त्यांना ते ऐकायला फारच आवडलं. "म्हणजे त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या त्या फुकटच की," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावर डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं, आणि तिच्यामागून डॉक्टर दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा करायला लागले. सावधानराव वर बघत म्हणाले, "चूक माझी आहे वहिनी, डॉक्टरांनी माझं ऐकलं," आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवून त्यांनी जिना धरला.

दुसऱ्या मजल्यावर नर्स नुकतीच झोपून उठली होती. तिने ऐकून घेतलं आणि ती दाराला टेकली. "आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ अगदी समोर आले होते माझ्या," ती म्हणाली. "जेमतेम ब्रेक लागला." मग म्हणाली, "मला इथे विचारायला दुसरं कुणी नाही हो. म्हणून तुम्हाला विचारायचे." ती रागावली असती तर सावधानराव तिथे उभे राहू शकले असते. ते "मला माफ कर पोरी" म्हणाले, कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता तिला लिहून दिला, आणि गाडी काढू नकोस असं पुन्हा पुन्हा बजावून निघाले.

चौथ्या मजल्यावर चेअरमननी बोटाने ओठ दाबले. "हळू बोला, ती आत आहे." सावधानराव हळू बोलले. पण "काय हो, खांबाचं काय?" असा आतून आवाज आला तेव्हा ते तिथून सटकले.

तिसऱ्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. बायको उंबरठ्यात उभी होती. जिन्यातून आवाज वर येतो, हे कुणाला सांगायला नको.

"विम्याचा हप्ता चुकला," सावधानराव म्हणाले. "कंपनी काही देणार नाही. तुला मी खोटं सांगितलं."

"ऐकलं मी." तिने त्यांच्याकडे बघितलं. "खालपासून एकेक घर घेत आलात म्हणून आपलं शेवटी आलं, असं समजू का?"

हे उत्तर तिने आयतं हातात ठेवलं होतं. हो म्हटलं की झालं असतं.

"नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यावरून वर येताना आपल्या दारावरूनच गेलो. चौथ्यावर जाऊन परत आलो."

"म्हणजे मुद्दाम."

"मुद्दाम. त्या सगळ्यांच्या दारात लाज वाटली. इथे भीती वाटली."

आत कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "बंपरचं मला काही नाही. बंपर नवा बसतो. पण माझ्याकडे न बघता, बुटाची नाडी सोडत मला खोटं सांगितलंत ना, त्याची भरपाई कुठल्या कंपनीकडे मागू मी?"

सावधानरावांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. बायको दारातून बाजूला झाली. ते चपला काढून आत गेले, स्वयंपाकघरात तिच्यासमोर स्टुलावर बसले, आणि कागदावरची तारीख बघितल्यापासूनचं सगळं, एकही गोष्ट न गाळता, तिला सांगायला लागले.